बोका रुसला नव्हता!

मागच्या महिन्यात शहाडला मावशीकडे गेले, तर तिचा बोका वाळूच्या ट्रेमध्ये बसून नुसता ओरडत होता. कुणीतरी फोटोवरून त्याच्या मनाशी 'बोललं' होतं म्हणे. घर बदललं म्हणून रुसलाय! मी आधी ट्रे पाहिला... वाळू कोरडी. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो हो! तडक डॉक्टरकडे नेला. नळी घातली, वाचला.

मांजराशी बोलता येतंच की. आपण सावकाश डोळे मिटून उघडले तर तीही तसंच करतात, हे २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलंय. पण त्यासाठी समोर बसावं लागतं, फोटो पाठवून कसं चालेल? मावशी मात्र अजून म्हणते, "रुसलाही होताच गं तो."