बिनविरोध

‘कार्यकारिणीची बिनविरोध निवड’ अशी बातमी वाचली की आपल्याला कसं छान वाटतं! भांडण नाही, पॅनेल नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. सगळी मंडळी किती समजूतदार! मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागे लावलेलं शेपूट, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं. त्या शेपटाबरोबर इतकी वर्षं काढल्यामुळे असेल, पण मला हल्ली ‘बिनविरोध’ या शब्दाची धास्ती वाटते. आणि ही धास्ती कुठल्या राजकीय पक्षाने घातलेली नाही, मांजरांनी घातली आहे. हसू नका, सांगते.

आमच्या भागात भटक्या मांजरांसाठी काम करणारी एक लहानशी संस्था आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माणसं सगळी चांगली आहेत आणि मला त्यांच्यातच राहायचं आहे. मी तिची साधी वर्गणीदार सभासद. गुडघ्यांमुळे पिंजरे उचलणं मला जमत नाही, पण आई नसलेली पिल्लं मी घरी सांभाळते. (गाईचं दूध नाही हं, त्याने त्यांना जुलाब होतात. पिल्लांची वेगळी पावडर मिळते, ती दर दोन-तीन तासांनी पाजायची. आमचे हे म्हणतात, “स्वतःच्या मुलांसाठी इतक्या वेळा उठली नव्हतीस!”) बाकीचे स्वयंसेवक ठरलेल्या गल्ल्यांतून खाणं घालतात, मांजरं पकडून नसबंदीला नेतात आणि बरी झाली की जिथली तिथे सोडतात. भूल दिलेली असतानाच डॉक्टर एका कानाचं टोक कापतात, म्हणजे ओळख राहते आणि तीच भाटी पुन्हा पकडली जात नाही.

अशा संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा कशी होते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी साडेसहाची वेळ. गणसंख्या भरत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, तीच माणसं ‘गणसंख्येचे बंधन न ठेवता’ ती पुन्हा सुरू करतात. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम. ताळेबंद मंजूर. हिशेब तपासनीस तेच. मग ‘नवीन कार्यकारिणी निवडणे’ हा विषय येतो आणि कुणीतरी म्हणतं, “आहे तीच राहू दे की, छान चाललंय!” सूचक, अनुमोदक, टाळ्या. मग चहा आणि बटाटेवडा. अध्यक्षपद स्थापनेपासून एका ताईंकडे, खजिनदारपद एका काकांकडे. बारा वर्षं असंच चाललं होतं. त्यात गंमत अशी की साडेसहा-सात ही बहुतेक गल्ल्यांत खाणं घालायची वेळ. म्हणजे कुठल्या गल्लीत किती मांजरं आहेत हे ज्यांना तोंडपाठ आहे, नेमकी तीच माणसं सभेला नसायची.

2024 च्या पावसाळ्यात ताई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. काका तेव्हा मुलाकडे अमेरिकेत, सहा महिन्यांसाठी. बँकेत सह्या या दोघांच्याच. खात्यात पैसे होते, पण काढणार कोण? डॉक्टरांनी दोन महिने उधारीवर शस्त्रक्रिया केल्या, मग त्यांनाही थांबावं लागलं. पोरांनी खिशातून जमेल तेवढं घातलं. तरी ज्या भाट्यांची पाळी होती त्या राहूनच गेल्या. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. त्यामुळे बँकेतल्या दोन सह्यांचा प्रश्न दिवाळीपर्यंत खोक्यांत बसून आमच्या दारांशी येऊन पोचला. माझ्याकडे त्या काळात 7 पिल्लं आली. 4 जगली.

यात कुणी लबाडी केली नाही, हे स्पष्ट लिहिते. ताईंनी सुरुवातीची वर्षं स्वतःच्या पेन्शनमधून औषधं आणली आहेत. काकांच्या हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे सापडणार नाही. दोघांवरही मी डोळे झाकून विश्वास ठेवीन. पण संस्था म्हणजे दोन चांगली माणसं नव्हे. ती आजारी पडली, गावाला गेली, तरी जी चालते ती संस्था.

म्हणून 2025 च्या सभेआधी आमच्यातल्या एका मुलीने खजिनदारपदासाठी अर्ज दिला. आयटीत नोकरी करते, रोज रात्री दहाला ऑफिसातून येऊन दोन गल्ल्यांत खाणं घालते. अर्ज चार ओळींचा. पण झालं, फोन सुरू! “ताईंना काय वाटेल?” “घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?” “मांजरांच्या कामात राजकारण नको.” मलाही एक फोन आला. “बाई, ती तुमचं ऐकेल, अर्ज मागे घ्यायला सांगा ना.” मी म्हटलं, “सांगीन, पण उलटं सांगीन.”

तिने अर्ज ठेवला. 22 जण हजर होते. दोघांना पाच-पाच मिनिटं बोलायला दिलं, वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि मी मोजल्या. काकांना 13, तिला 9. ती हरली. पण त्या दहा मिनिटांत, बारा वर्षांत पहिल्यांदा, पैसे कुठे ठेवलेत आणि अडीअडचणीला कोण काढू शकतं, हे त्या खोलीत मोठ्याने विचारलं गेलं. चिटणीसांची तिसरी सही असावी, तिघांपैकी कुणाही दोघांच्या सहीने काम व्हावं, हा ठराव शेवटी काकांनीच मांडला. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला ती मुलगी आपल्या गल्लीत हजर होती. ताई मात्र अजून तिच्याशी नीट बोलत नाहीत. निवडणुकीची किंमत असते, ती ही. पण ती 3 पिल्लांपेक्षा जास्त आहे असं मला वाटत नाही.

आता माझा मुद्दा. गृहनिर्माण सोसायटीत पाणी आलं नाही तर सभासद सभेत स्वतःच आवाज चढवतो. पतपेढीत ठेवीदार हिशेब मागतो. कारण अडलेलं असतं त्याचं स्वतःचं. मांजरांच्या संस्थेत ज्यांच्यासाठी सगळं चाललंय त्यांना ना मत, ना तक्रार अर्ज. देणगीदार पैसे देतो आणि समाधानाने घरी जातो. म्हणजे प्रश्न विचारायला सभासदांखेरीज कुणी उरतच नाही. त्या सभासदांनीही चांगुलपणापोटी तोंड मिटलं तर? मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. अशा सभांत डोळे माणसं मिटतात, आणि दूध जातं ते मांजरांचं.

शिवाय ‘सगळ्यांचं एकमत’ आणि ‘कुणालाच नको’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, पण इतिवृत्ताच्या वहीत दोन्ही ‘बिनविरोध’ म्हणूनच लिहिल्या जातात. कधी तर याहून वाईट काही त्या शब्दाखाली झाकलं जातं. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुकाच रद्द केल्या होत्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं होतं. आमच्याकडे लिलाव नाही बरं का! आमच्याकडे पद फुकट दिलं तरी कुणी घेत नाही. पण मतदाराला विचारलंच जात नाही, एवढं दोन्हीकडे सारखं.

यावर माझ्या धाकट्या दिरांचं म्हणणं असं, की “वहिनी, निवडणूक लागली की संस्था फुटतात, आणि मग सगळे धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत चकरा मारत बसतात.” बँकेत नोकरी झालेला माणूस, त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे अशा संस्थांची नोंद 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते, आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. पहिल्या कायद्याला संस्था काढताना निदान 7 माणसं लागतात. (एकट्या ताई चालत नाहीत, हे इंग्रजांनाही कळलं होतं!) दुसऱ्या कायद्याप्रमाणे कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. त्यावर कुणी हरकत घेतली की चौकशी, तारखा, वकील. वर्षं जातात, खरं आहे. पण माझ्या पाहण्यातल्या अशा भांडणांचं मूळ मतदानात नव्हतंच. सभासद कोण, त्यांनी वर्गणी कधी भरली, सभेची नोटीस सगळ्यांना मिळाली का, इथे होतं. म्हणजे वही नीट नव्हती. वही नीट नाही म्हणून मतदान नको, हे म्हणजे हजेरीपट सापडत नाही म्हणून परीक्षाच रद्द!

हा प्रश्न एकट्या आपल्याकडचाही नाही. इंग्लंडमधली आरएसपीसीए ही प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी 1824 मध्ये निघालेली संस्था. शिकारी कुत्र्यांकडून कोल्ह्यांची शिकार करण्याला तिचा विरोध. 1990 च्या दशकात त्या शिकारीचे समर्थकच तिचे सभासद होऊ लागले, आत शिरून मतांच्या जोरावर धोरण बदलावं म्हणून. प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेलं. संस्थेच्या कामाला बाधा आणायला येणाऱ्यांना सभासदत्व नाकारायचा अधिकार संस्थेला आहे, हे न्यायालयाने 2001 मध्ये मान्य केलं. म्हणजे इतकं होऊनही उत्तर ‘मतदान बंद करा’ असं निघालं नाही. मत कुणाला, हे आधी नीट ठरवा, असं निघालं. आणि तिथलीच मांजरांची मोठी संस्था, कॅट्स प्रोटेक्शन, ती तर 1927 मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये भरलेल्या एका सभेतूनच जन्माला आली. “आम्हाला काम करायचंय, सभा कसल्या करता?” असं म्हणणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

तेव्हा नुसती टीका करून थांबत नाही, काय करावं तेही लिहिते. शिक्षकी सवय! सभा रविवारी सकाळी घ्यावी, खाणं घालायच्या वेळी नको. मत असलेल्या सभासदांची यादी महिनाभर आधी सगळ्यांना दाखवावी आणि चुका तेव्हाच दुरुस्त कराव्यात. एकाच पदाला एकच अर्ज आला तरी त्या माणसाने उभं राहून दोन मिनिटं बोलावं, दोन प्रश्नांना उत्तरं द्यावीत. मतदान चिठ्ठीनेच व्हावं. हात वर करून नको, कारण हात वर केला की समोरून ताई बघत असतात. हरलेल्याला त्याच सभेत एखादं काम सोपवावं, म्हणजे तो परका होत नाही. आणि सलग दोन मुदती झाल्या की एक मुदत सक्तीची विश्रांती.

या शेवटच्या मुद्द्यावर सगळे म्हणतात, “अहो, पण नवीन माणसं मिळतात कुठे?” मला वाटतं, मिळत नाहीत त्याचं कारणही तेच आहे. पद म्हणजे जन्मठेप आहे असं समोर दिसत असेल, तर शहाणा माणूस कशाला हात वर करील? तीन वर्षांनी सन्मानाने सुटका आहे हे ठाऊक असेल, तर करील. आमच्या काकांनी मतमोजणीनंतर मला बाजूला घेऊन काय विचारलं सांगू? “बाई, पुढच्या वेळी मी हरलो तर चालेल ना?” पंच्याहत्तरीच्या माणसाने हे विचारावं, याचं मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. त्यांना कुणी जाऊच दिलं नव्हतं.

हे सगळं मांजरांपुरतंच आहे असं समजू नका. तुमचं वाचनालय, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, परगावच्या मंडळींचं महाराष्ट्र मंडळ... सभेची नोटीस येते आणि आपण ती दिव्याच्या बिलाखाली सरकवतो. या वर्षी ती बाहेर काढा. जा, मागच्या खुर्चीवर बसा, ताळेबंदातली एक ओळ विचारा. कुणी अर्ज भरला असेल तर त्याला ‘मागे घे’ म्हणून फोन मात्र करू नका.

आणि भाचे-पुतणे मंडळी, तुमच्यासाठी खास निरोप. आमच्याकडे सहचिटणीसाची जागा रिकामी आहे, त्या पदाला एकही अर्ज आला नाही. पुढच्या सभेत ती भरायची आहे. तुमच्यापैकी कुणी उभं राहणार असेल तर कळवा, फॉर्म माझ्याकडे आहेत. दोघांनी मागितले तर दोघांनाही देईन.