हृदयाची उसंत आणि फिरण्याचा सल्ला

छातीत कळ येऊन घामाघूम झालेल्या माणसाला ‘जरा चार पावलं फीर, गॅस मोकळा होईल’ असा सल्ला देण्याची जी रीत कोहिनूर गावापासून बसवकल्याणपर्यंतच्या आमच्या सीमाभागात मराठी आणि कानडी घरांत सारख्याच आपुलकीने पाळली जाते, तिच्यामागचा सद्भाव मान्य करूनही ती हृदयाच्या स्वाभाविक कारभाराशी सर्वस्वी विसंगत आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.

हृदयाच्या आकुंचनाचा हुकूम मेंदूतून सुटत नाही. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या भित्तीत, १९०७ साली कीथ आणि फ्लॅक यांनी दाखवून दिलेल्या इवल्याशा पेशीपुंजात तो उपजतो, वरचे दोन्ही कप्पे आकुंचित करून त्यांतले रक्त खाली लोटतो, मधल्या गाठीपाशी निमिषभर रेंगाळतो आणि मगच खालच्या कप्प्यांच्या स्नायूंत पसरतो. ईसीजीची पट्टी हाती धरली, तर लहानशा उंचवट्यानंतरची सपाट रेघ म्हणजे हाच विलंब. उंचवट्याच्या आरंभापासून पुढच्या उंच सुळक्याच्या आरंभापर्यंत निरोगी माणसात तीन ते पाच बारीक चौकोन भरतात, आणि एक चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. हुकूम पोहोचताच पेशींत कॅल्शियम मोकळे होते, स्नायुतंतू परस्परांवर सरकतात, आणि डावा कप्पा पिळल्यासारखा आवळून सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त महाधमनीत लोटतो.

परंतु सर्व शरीराला रसद पुरविणाऱ्या या डाव्या कप्प्याच्या भिंतीत आकुंचनसमयी तिच्याच रक्तवाहिन्या दाबल्या जात असल्यामुळे तिला स्वतःचे रक्त मुख्यत्वे शिथिल झाल्यावरच मिळते. मिनिटाला पंचाहत्तर ठोके असता ०.८ सेकंदाच्या आवर्तनात सुमारे ०.५ सेकंद ही उसंत लाभते. नाडी जलद झाली की कात्री लागते ती प्रामुख्याने हिलाच. म्हणून छातीतली कळ ज्याची हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने तुंबल्यामुळे आली असेल, त्याला चालविणे म्हणजे स्नायूची मागणी वाढवून त्याचा पुरवठा तोडणे होय.

अशा माणसाला टेकून बसवावे, मोटारसायकल त्याच्या हाती देऊ नये, आणि घटकाभर वाट न पाहता त्याला ईसीजीसाठी न्यावे. कर्नाटक सरकारच्या २०२३ सालच्या पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत तालुका रुग्णालयात काढलेला ईसीजी दूरच्या तज्ज्ञांनी तपासावा आणि गुठळी विरघळविणारी सुई तेथेच द्यावी, अशी तजवीज आहे. परंतु सरकारी तजवीज कितीही चोख असली, तरी रोगी अंगणात येरझारा घालीत असेल, तोवर ती त्याच्या उपयोगाची नाही.

— सीमावासी