फोटोत पान दिसते, वावर दिसत नाही

सकाळी सहा वाजता डोळा उघडतो तो मोबाईलच्या आवाजाने. तोंड धुण्याआधीच पंधरा-वीस फोटो येऊन पडलेले असतात. कुणाच्या पऱ्हाटीचे पान, कुणाच्या सोयाबीनचे खोड, तुरीच्या शेंगेतली अळी. खाली एकच ओळ असते, 'साहेब, काय मारू?' मी गावपातळीवर कृषी विस्ताराचे काम करणारा पदविकाधारक माणूस. वाट्याला चार-पाच गावे, त्यात बैठका, पंचनामे, ऑनलाइन अर्ज. म्हणून चहा पिता पिता उत्तरे टाकत जातो. हे मारा, ते मारा, एवढे मिली घ्या. समोरून अंगठा येतो, की काम झाले!

काम झाले असे मलाही वाटत होते. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत.

त्या वर्षी पावसाने झोडपून काढले होते. पोळा होऊन दोन आठवडे झाले असतील. एका काकांनी पऱ्हाटीच्या पानाचा फोटो टाकला. पान कडेने लाल झालेले, थोडे वाकलेले. मी तालुक्याला बैठकीत होतो. समोर कुणीतरी आकडे वाचत होते. मी टेबलाखाली मोबाईल धरून फोटो पाहिला. तुडतुड्यांचा प्रादुर्भाव दिसतो असे ठरवून औषधाचे नाव आणि प्रमाण टाकून दिले. काकांनी ते दुकानात दाखवले. दुकानदाराने 'सोबत हे पण घ्या, जोर येईल' म्हणून दुसरी बाटली दिली. भर दुपारी, वारा सुटलेला असताना काकांच्या माणसाने फवारणी केली. अंगात बनियान, तोंडाला काही नाही. संध्याकाळी त्याला मळमळ, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. रात्री दवाखाना. तीन दिवसांनी तो घरी आला, ही देवाची कृपा आणि डॉक्टरांचे श्रेय.

दुसऱ्या दिवशी मी त्या वावरात गेलो. जायला पाहिजे होते आदल्या दिवशी. पाने उलटून पाहिली, एका पानाखालीही तुडतुडे सापडेनात. वावराच्या खोलगट भागात मात्र आठ दिवसांपासून पाणी साचलेले होते. झाड उपटून पाहिले तर मुळ्या काळपट. लाली होती ती पाणी साचून अन्नद्रव्य न मिळाल्याची! चर काढून पाणी बाहेर काढायचे, वाफसा आला की डवरा फिरवायचा आणि मॅग्नेशियम सल्फेट १ टक्का, म्हणजे दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम फवारायचे. विषाची गरजच नव्हती. त्या माणसाची बायको धुऱ्यावर उभी होती. ती रागावली नाही, रडलीही नाही. एवढेच म्हणाली, "साहेब, एक चक्कर मारली असती वावरात, तं बरं झालं असतं."

खोटं कशाला बोलू? त्या वाक्याने मला अजून झोप येत नाही कधी कधी. त्या बाईला जे उत्तर तेव्हा देता आले नाही, त्याच्याच शोधात हा लेख लिहितो आहे.

मोबाईलचे उपकार

मोबाईलला शिव्या घालणारा मी नाही. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, पीकविम्याची तक्रार हे सगळे खिशात आले. २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर आहे, तिथे आपल्या भाषेत विचारता येते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून पिकाची नोंद करतो. आता तर पानाचा फोटो दाखवला की रोगाचे नाव सांगणारी ॲप्स निघाली आहेत. त्यांची परीक्षा वाढत जाईल, आणि ते चांगलेच आहे. तालुक्याला एक खेप मारायची म्हणजे मजुरी बुडते. ती वाचली तर कुणाला नको आहे?

पण फोटोत पान दिसते, वावर दिसत नाही. पाणी कुठे साचले, शेजाऱ्याने काल काय मारले, ढालकिडे आणि कोळी किती आहेत, फवारणारा माणूस उपाशी आहे की जेवलेला, यातले काही त्या चौकटीत येत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. पूर्वी वावरात काही बिघडले तर माणूस धुऱ्यावर उभा राहून शेजाऱ्याला हाक मारायचा. "ये रे बाप्पा, हे काय झालं पाय बरं!" दोघांचे चौघे व्हायचे. एक म्हणे असे, दुसरा म्हणे तसे. त्या वादात अर्धे निदान होऊन जायचे आणि अर्धी भीती निघून जायची. आता तोच माणूस एकटा उभा राहून फोटो काढतो, एकटाच उत्तराची वाट पाहतो आणि एकटाच दुकानात जातो. पारावर दहा जण बसलेले असतात, पण दहाही माना खाली. गावात माणसे आहेत आणि बोलणे नाही, असे होऊन बसले आहे.

कर्जाची, नापिकीची गोष्टही माणूस अशाच गप्पांतून बोलून जायचा. आता ती कुणाजवळ बोलावी? आपल्या जिल्ह्याने या एकटेपणाची किंमत किती मोजली, हे मी नव्याने सांगायला नको.

२०१७ विसरू नका

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. सरकारने चौकशी पथक नेमले, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. कारणे सगळ्यांना माहीत आहेत. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, त्यामुळे औषध तोंडावर येत होते. दोन-तीन औषधांची भेसळ करून मारणे, जोरात तुषार फेकणारे पंप, उकाडा, आणि अंगावर संरक्षक कपडे नाहीत.

यात मला आणखी एक कारण दिसते. मरण पावलेल्यांत मजूरही होते. ज्याला बाटलीवरचे वाचता येत नाही आणि ज्याला 'आज फवारू नको' असे म्हणायचा अधिकार नाही, त्याच्या पाठीवर पंप होता. सल्ला मालकाच्या मोबाईलवर, विष मजुराच्या अंगावर! सल्ला देणारा मी, विकणारा दुकानदार, घेणारा मालक आणि फवारणारा मजूर, हे चौघे एकदाही एका जागी उभे राहत नाहीत. ते राहिले असते तर किमान एकाने तरी विचारले असते, की बाटलीवरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे? लाल म्हणजे अतिविषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत कमी. एवढे तर अंगठाबहाद्दरालाही रंगावरून कळते. पण सांगणारा समोर पाहिजे.

रेडिओ आला तेव्हा

कुणी म्हणेल, जमाना बदलला, यंत्र आले की माणूस एकटा पडणारच. हे मला पटत नाही. आपल्याच राज्यातला जुना दाखला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे सुरू केली. आठवड्यातून दोन दिवस शेतीचा खास कार्यक्रम लागायचा. गावातले पंधरा-वीस जण एकत्र बसून तो ऐकायचे. रेडिओ बंद झाला की खरे काम सुरू व्हायचे. ऐकलेले आपल्या मातीत बसते का, यावर चर्चा आणि शेवटी काय करायचे ते ठरवणे. ज्या शंका उरत त्या केंद्राकडे लिहून जायच्या आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तर यायचे. ऐका, चर्चा करा, मग कृती करा, असा तो साधा नियम. प्रयोग इतका पटला की पुढे देशभर अशी मंडळे निघाली.

रेडिओही त्या काळी नवे यंत्रच होते. पण ते एकाच्या खिशात नव्हते, दहा जणांच्या मधोमध ठेवलेले होते. आपण मोबाईलचे एवढेच चुकवले, असे मला वाटते.

मजुरीच्या हातात रंगीत खडू

शेतीशाळा हा शब्द आता सगळ्यांच्या कानावर आहे. बॅनर, फोटो, चहा-बिस्कीट आणि सह्या, असा तिचा अर्थ कुठे कुठे होऊन बसला आहे. पण मूळ शेतीशाळा अशी नव्हती. ती १९८९ साली इंडोनेशियात भातशेतीत जन्मली. तिथे बेसुमार फवारणीने मित्रकिडी मेल्या आणि तपकिरी तुडतुड्यांनी भात फस्त केला. सरकारला १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. मग प्रश्न आला, शेतकऱ्याला शिकवायचे कसे? त्यांनी फळा वावरात नेला. शेतकरी आठवड्यातून एकदा जमायचे, पाच-पाच जणांचे गट करून झाडे तपासायचे आणि जे दिसले त्याचे मोठ्या कागदावर चित्र काढायचे. मधे झाड, एका बाजूला शत्रूकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकिडी, वर ऊन की ढग. मग गटाने उभे राहून सांगायचे, फवारायचे की नाही आणि का.

त्या प्रकारानंतर २०२३ च्या हंगामात मी हे मनापासून करून पाहिले. पहिल्या दिवशी माणसे हसली. "साहेब, आमी का शाळेतले पोट्टे हाओत?" पण एका निंदणाऱ्या बाईने खडू उचलला. शाळेचे तोंड न पाहिलेली ती. तिने पऱ्हाटीच्या पानाखाली आठ पायांचा कोळी असा काढला, की कृषीच्या पुस्तकातला फिका पडावा! दिवसभर निंदताना ती त्याला पाहतच होती, आजवर तिला कुणी विचारलेच नव्हते. दुसऱ्याने बाटलीत मावा लागलेली फांदी आणि एक ढालकिडा टाकून तोंडाला कापड बांधले. दोन दिवसांनी मोजले तर मावा निम्म्याच्या खाली. "मंग आपण फवारून याले बी मारतो ना?" हा प्रश्न त्याचा. माझ्या दहा भाषणांतून हा प्रश्न निघाला नसता.

त्या गटाने हंगामात दोन फवारण्या टाळल्या. निंबोळी अर्क घरी केला. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर पाणी करायचे. यात अवघड ते काय?

शोध लावायला पदवीच लागते असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ साली पटेल ३ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या. त्यातून एचएमटी धान निघाले, तेव्हा खपाच्या असलेल्या घड्याळावरून नाव पडलेले. २०१८ साली दादाजी गेले, धान अजून लोकांच्या ताटात आहे. लोंबी वेगळी आहे हे ओळखायला रोज बांधीत जाणारा डोळा लागला. असा डोळा आपल्या गावात नाही, असे कोण म्हणेल?

मग करायचे काय?

मोठ्या योजनेची गरज नाही. माझे तीन-चार साधे म्हणणे आहेत.

एक, आठवड्यातला एक दिवस ठरवा. सकाळी सातला चार-पाच जणांनी मिळून एकाच्या वावरात जायचे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या. इर्जिक आपण कामासाठी करत होतो, ती आता डोळ्यांची करू. सोबत निंदणाऱ्या बाया आणि फवारणारा माणूस असलाच पाहिजे.

दोन, फोटो टाकायचा तर एका पानाचा टाकू नका. पानाची खालची बाजू, उपटलेल्या झाडाचे मूळ आणि पूर्ण वावर, असे तीन टाका. आणि 'काय मारू' याऐवजी 'काय झाले' असे विचारा.

तीन, उत्तर आले की ते चारचौघांत मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याचा जीव त्या उत्तरावर असतो.

चार, फवारणीच्या दिवशी माणूस जेवलेला हवा, अंगभर कपडे, तोंडाला मास्क, हातात मोजे. वाऱ्याच्या विरुद्ध नाही, भर उन्हात नाही, औषधांची भेसळ नाही. त्रास झालाच तर बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात.

आणि माझ्यासारख्यांनीही एक पथ्य पाळावे. विषाचे नाव बैठकीतून टाकायचे नाही. वावर पाहिले नसेल तर 'थांबा, येतो' एवढेच लिहावे. रोज सगळीकडे जाणे जमणार नाही, हे मलाही कळते. कागद आणि ऑनलाइनचे ओझे कमी व्हावे ही आमची मागणी आहेच. पण ओझ्याच्या आड लपून एखाद्याच्या जिवाशी खेळ नको.

तो माणूस आता बरा आहे. गेल्या हंगामात तो आमच्या गटात होता. पाने उलटून पाहण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. एकदा मी घाईत होतो, वरच्या वर पाहून निघालो, तर त्याने मागून हाक मारली. "साहेब, पान उलटून तं पाहा!"

मी मागे फिरलो.