मत आहे, पण देता येत नाही

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले. रसायनशास्त्रात पीएचडी केली, कंपनी उभारली, कर्जापायी ती गेली, पुन्हा उभे राहिले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उतरले आणि पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. तरी २०२० मध्ये डेट्रॉईटमधून राज्याच्या विधानसभेवर निवडून आले आणि २०२३ मध्ये थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये पोहोचले.

अभिमान आहेच. पण त्यांच्या जिद्दीला नागरिकत्वाची जोड मिळाली, हे विसरून कसं चालेल? आपण फहाहीलमध्ये वीस वर्षं काढली तरी अकाम्यावरच. आपलं मत गावाकडेच. २०१० च्या कायदादुरुस्तीमुळे अनिवासी भारतीयांना मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. एका मतासाठी विमानाचं तिकीट कोणता कामगार काढेल?

सैनिकांना टपाली मतदान आहे, तसं आपल्यालाही हवं. गावाकडच्या मंडळींनो, उमेदवार दारात आला की हे नक्की विचारा. आमच्या दारात तो येत नाही.