‘अटॅक आला’ म्हणून विषय संपवू नका. मागं राहिलेल्या भावंडांचा एको काढा

गावात चाळिशीतला माणूस अचानक गेला की तेराव्यापर्यंत दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, अटॅक आला. दुसरी, लस घेतल्यापासून हे वाढलंय. लसीचं म्हणाल तर २ जुलै २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं आयसीएमआर आणि एम्सच्या अभ्यासांचा हवाला देऊन सांगितलं की, करोनाची लस आणि तरुणांचे अचानक मृत्यू यांचा थेट संबंध आढळलेला नाही. आयसीएमआरनं ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या मृत्यूंची माहिती घेतली होती. धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी त्यात दिसल्या, त्यातली एक होती घरात आधी कुणाचा तरी असाच अचानक मृत्यू झालेला असणं.

मोबाईलवर लसीचीच चर्चा झाली आणि ही घराण्याची गोष्ट मागं पडली. आपल्याला उपयोगी आहे ती हीच.

आमच्या घरातलं

माझे सख्खे चुलते सेहेचाळीसाव्या वर्षी रानात गेले. छातीतून पाठीत कळ गेली म्हणाले आणि गाडी येईपर्यंत संपलं. सगळे अटॅक म्हणाले, आम्हीही म्हणालो. पोस्टमॉर्टेम केलं नाही. पुढं त्यांचं पोरगं भरतीला गेलं. धावण्यात पास झालं, मेडिकलला छातीत आवाज आहे म्हणून अनफिट झालं. घरात रडारड झाली ती नोकरी गेली म्हणून. तो आवाज कसला, हे विचारायला आम्ही सहा महिने लावले.

एको काढला तेव्हा कळलं की पोराची हृदयाची एक झडप जन्मापासून दोनच पाकळ्यांची आहे आणि तिच्यावरची मोठी रक्तवाहिनी ४.२ सेंटीमीटर झाली आहे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "घरात कोणी अचानक गेलंय का?" चुलत्यांना नेमकं काय झालं होतं ते आता कधीच कळणार नाही. पोराचं मात्र वेळेत कळलं.

झडप आणि फुगा यांचा संबंध काय?

मोटारीच्या पाइपलाइनला आपण एनआरव्ही बसवतो, पाणी माघारी येऊ नये म्हणून. हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाला तशीच एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. काहींना जन्मतः दोनच असतात. डॉक्टर याला बायकस्पिड व्हॉल्व म्हणतात. जगभरच्या अभ्यासांत हे प्रमाण शंभरात एक-दोन माणसांच्या आसपास सांगितलं जातं आणि पुरुषांत ते जास्त आहे. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्हा ३० लाखांचा आणि सांगली २८ लाखांचा होता. शंभरात एक धरला तरी दोन जिल्ह्यांत ५८ हजार माणसं होतात. यातल्या बहुतेकांना आपल्याला असं काही आहे याचा पत्ताही नसतो.

दोन पाकळ्यांतून रक्ताची धार सरळ न जाता एका बाजूच्या भिंतीवर आदळते. पण नुसतं तेवढंच नाही. ज्यांची झडप अशी असते, त्यांतल्या बऱ्याच जणांची महाधमनीची भिंतही मुळातच कच्ची असते. झडप आणि भिंत दोन्ही जन्माआधीच एकत्र घडतात, म्हणून दोष दोन्हीकडं येतो. त्यामुळं झडप बदलली तरी वरच्या वाहिनीवर लक्ष ठेवावंच लागतं. जुन्या रबरी पाइपला जसा फुगा येतो तसा या वाहिनीला येतो, त्याला ॲन्युरिझम म्हणतात. फुगा वाढत गेला तर आतला थर फाटून रक्त भिंतीच्या थरांत शिरतं. मग वेळ तासांत मोजावी लागते.

फुगा दुखत नाही, हीच खरी अडचण. साधारणपणे ५.५ सेंटीमीटरला शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. घराण्यात कुणाची वाहिनी फाटली असेल तर ५ लाच, आणि झडपेचं ऑपरेशन करायचंच असेल तर ४.५ लाही सोबत उरकतात. त्याच्या आत असेल तर बीपी ताब्यात ठेवायचं आणि ठरल्या वेळी मोजत राहायचं.

सगळे ‘व्हॉल्व’ एक नव्हेत

आपल्याकडं व्हॉल्व खराब म्हटलं की एकच आजार समजतात. लहानपणी वारंवार घसा सुजून, सांधे धरून, नंतर झडप खराब होते तो संधिवाताचा आजार. तो वारशानं येत नाही. दोन पाकळ्यांची झडप मात्र घराण्यात फिरते. ज्याला ती आहे, त्याच्या आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहात एकाला ती सापडते. काही नातेवाइकांची झडप नीट असते, पण वाहिनी मोठी असते. म्हणून नुसता छातीला स्टेथोस्कोप लावून भागत नाही, एकोच लागतो.

याचाच एक भाऊबंद म्हणजे मारफान. उंच अंगकाठी, लांब हात, लांब बोटं, डोळ्याचा भिंगदोष. यात प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. फ्लो हायमन ही अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकलेल्या संघात होती. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावरच कोसळली आणि गेली. आधी अटॅकच म्हटलं गेलं. पोस्टमॉर्टेममध्ये मारफान आणि फाटलेली महाधमनी निघाली. मग तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तेच होतं. त्याचं वेळेत ऑपरेशन झालं. आम्ही पोस्टमॉर्टेमला नको म्हणालो, त्यांनी केलं. फरक एवढाच.

व्यवस्था कुठं कमी पडते?

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत पोरं तपासली जातात. हृदयाला छिद्र असलेली कितीतरी लेकरं त्यातून ऑपरेशनपर्यंत पोचली, हे मान्यच केलं पाहिजे. पण ती तपासणी १८ वर्षांपर्यंत. ही झडप त्रास द्यायला लागते ती बहुतेक वेळा त्यानंतर. पुढं महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, जून २०२३ च्या मंत्रिमंडळ निर्णयानं ती पाच लाखांपर्यंत गेली. मात्र ती मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. धडधाकट भावानं खात्री म्हणून एको काढायचा तर आम्हाला माणशी अठराशे रुपये खिशातून गेले. आजार सापडल्यावर लाखो देणारी व्यवस्था, तो कुणाकडं शोधायचा हे माहीत असताना अठराशेसाठी हात आखडते. भरतीच्या मेडिकलला आवाज सापडलेल्या पोराला तालुक्यातून पुढं एकोला पाठवायची सक्तीची सोय हवी. सरपंच, आमदार यांच्याकडं रस्त्याबरोबर हेही मागा.

तुम्ही काय कराल?

घरात कुणाची दोन पाकळ्यांची झडप किंवा फुगा निघाला असेल, किंवा पन्नाशीच्या आत कोणी अचानक गेलं असेल, तर सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा एकदा एको काढा. आपल्या खानापूर-आटपाडीतले निम्मे भाऊ गलाईच्या धंद्यानं परमुलखात आहेत. भावकीच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाका, ते तिथं काढतील.

छातीतून पाठीत फाटल्यासारखी कळ गेली तर दवाखान्यात शिरतानाच घराण्याची हकीकत सांगा. अटॅक समजून रक्त पातळ करणारं इंजेक्शन दिलं आणि वाहिनी फाटलेली असली, तर उलटं होऊ शकतं. हे ठरवायचं डॉक्टरनंच, पण त्याला माहिती आपण द्यायची.

फुगा असलेल्यानं मेडिकलमधून सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. अमेरिकेच्या औषध खात्यानं डिसेंबर २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिलेला आहे. तंबाखू सोडा. जिममध्ये किंवा तालमीत श्वास कोंडून जड वजन उचलण्याआधी डॉक्टरला विचारा.

आणि घाबरू नका. दोन पाकळ्या असलेली पुष्कळ माणसं म्हातारी होऊन जातात. आमचं पोरगं आता दुकान चालवतंय, वर्षातून एकदा मापून येतंय. माझा स्वतःचा एको ऊसतोडीच्या गडबडीत चार महिने लांबला होता. निघाला नीट. पण ते चार महिने दर रात्री चुलत्यांची आठवण यायची. तुम्ही तेवढं थांबू नका.