गळ सोबत नेऊ का, खाला?

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा लातूरचा. इंजिनिअर झाला, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता कंपनी त्याला नॉर्वेतल्या बर्गन शहरी पाठवते आहे. घरात कागदपत्रं आणि गरम कपड्यांची धांदल चालू असताना त्याने मला फोन केला आणि हळूच विचारलं, "खाला, गळ सोबत नेऊ का?" हळूच, कारण त्याच्या अब्बांच्या मते गळ टाकून बसणं हे रिकामटेकड्यांचं काम.

हा नाद त्याला नांदेडने लावला. सुटीत माझ्याकडे आला की खालूंच्या मागे लागून विष्णुपुरीच्या पाण्यावर जायचा. कणकेच्या गोळ्यावर रोहू, गांडुळावर वाम. लातूरला असला की मांजरा धरणावर. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडं पडलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा बहिणीकडे आंघोळीचं पाणीही मोजून मिळायचं. ते पोरगं आता अशा गावी निघालंय, जिथे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो आणि समुद्र घरांच्या पायरीपर्यंत येतो.

शिक्षिकेला प्रश्न विचारला की ती वाचायला बसते. मीही बसले, आणि वाटलं हे इतरांच्याही उपयोगी पडेल. आपल्या नांदेड-लातूरची किती मुलं आता परदेशी जातात.

नॉर्वेत समुद्रावर काठी आणि गळाने मासे धरायला परवाना लागत नाही, शुल्कही नाही. पाहुण्यालाही नाही. मात्र नदीत सामन धरायचा असेल तर सरकारी शुल्क वेगळं आणि त्या नदीचा परवाना वेगळा. स्वीडनचा समुद्रकिनाराही गळासाठी खुला आहे. डेन्मार्कमध्ये मात्र परवाना काढावाच लागतो, तेव्हा कोपनहेगनला जाणाऱ्यांनी "शेजारच्या देशात चालतं" असं म्हणून बसू नये.

मोकळीक आहे म्हणजे नियम नाहीत असं नाही. बर्गनच्या बाजूला चाळीस सेंटीमीटरपेक्षा लहान कॉड सोडून द्यावा लागतो. ओस्लोच्या खाडीत तर २०१९ पासून कॉड धरायलाच बंदी आहे, इतका तो कमी झालाय. समुद्रात सामनचे पिंजरे असतात, त्यांच्यापासून शंभर मीटर लांब राहायचं. आणि आपल्या भाच्याची आवडती वाम? तिच्यासारखा दिसणारा तिथला ईल धोक्यात आलेला आहे, हौशी माणसाला तो धरता येत नाही. चुकून लागला तर गळ काढून लगेच पाण्यात.

मग मिळतं काय? उन्हाळ्यात मॅकरेल. तो आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, एकाच कुळातला. मे-जूनपासून त्याचे थवे किनाऱ्याला येतात आणि धक्क्यावर उभं राहूनही सापडतात. कणीक लागत नाही, गांडूळ लागत नाही. चकचकीत धातूचा नकली मासा लांब फेकून ओढत आणायचा. सेई नावाचा कॉडच्या जातीचा मासाही किनाऱ्यालगत मिळतो. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री अकराच्या सुमाराला मावळतो, म्हणजे ऑफिस सुटल्यावर मगरिबपर्यंत भरपूर वेळ. डिसेंबरमध्ये उजेड जेमतेम सहा तास, तेव्हा ऑफिस की गळ यातलं एकच.

मोठा कॉड हिवाळ्यात अंडी घालायला बॅरेन्ट्स समुद्रातून लोफोटेन बेटांकडे येतो. ते बर्गनपासून फार उत्तरेला. तिथले लोक तो मीठ न लावता लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात महिनोन्महिने वाळवतात. आपल्या आठवडी बाजारातल्या सुक्या बोंबलाची गोष्ट त्यांना सांगितली तर त्यांना मुळीच परकी वाटणार नाही. नॉर्वेच्या लोकांना आपली मासळीही ठाऊक आहे म्हणा. १९५२ च्या करारानंतर त्यांनी केरळात नींदकरा इथे येऊन मच्छीमारांना यंत्राच्या होड्या आणि बर्फाचे कारखाने उभे करायला मदत केली होती.

आता बहिणीची खरी काळजी. तिला थंडीची भीती नाही, तिला भीती आहे ताटाची. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या तिन्ही देशांत जनावर आधी बेशुद्ध केल्याशिवाय कापता येत नाही. अशा गोश्ताबद्दल उलमांची मतं वेगवेगळी आहेत, आणि एकट्या राहणाऱ्या मुलाने दर शुक्रवारी दुकानात उभं राहून पाकिटावरचा शिक्का तपासत बसायचं. माशाला जबहची अटच नाही. अल्लाहने समुद्राची शिकार आपल्यासाठी हलाल केली आहे. म्हणजे अब्बा ज्याला रिकामटेकडेपणा म्हणतात, तेच त्या घरात सालन होऊन येईल. बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

पण आपण हनफी, हेही मी त्याला आठवून दिलं. आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा मासा उचलायचा नाही. खेकडा आपल्याकडे चालत नाही, झिंग्यावर मतभेद आहेत. तिथे दोन्ही मुबलक. कोकणातले शाफई मित्र भेटले तर ते खातील, त्यांच्याशी वाद घालू नये. बाकी आपल्या आलिमांना विचारावं. नुसती मजा म्हणून धरायचं, फोटो काढायचा आणि सोडायचं, हे मला आवडत नाही. जिवाला उगाच त्रास. तिथल्या प्राणीकल्याणाच्या कायद्यात मासाही येतो, त्यामुळे धरला की डोक्यावर घाव घालून लगेच मारतात, तडफडत ठेवत नाहीत. हे शिकण्यासारखं आहे. आपण विष्णुपुरीला रोहू पिशवीत तडफडत ठेवून गप्पा मारत बसायचो.

आतडी जागेवरच काढायची, कारण त्या माशांत बारीक अळ्या असतात आणि त्या मांसात शिरतात. नीट तळला-शिजवला की धोका नाही. त्या बाबतीत आपली कढई भरवशाची.

एक गोष्ट मी दोनदा सांगितली. तू गोदावरीत पोहतोस, म्हणून समुद्राला गोदावरी समजू नकोस. त्या थंड पाण्यात चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत बधिर होतात. ओल्या खडकावर एकट्याने उभं राहायचं नाही. आठ मीटरपेक्षा लहान होडी चालू असताना जीवरक्षक जाकीट घालणं तिथे कायद्यानेच सक्तीचं आहे. किनाऱ्यावरही घाल, कोणी हसलं तर हसू दे.

गळाचं म्हणाल तर नदीची जुनी काठी इथेच राहील. खाऱ्या पाण्यासाठी लागणारं सामान तिथेच घेणं बरं, आणि वापरल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचं. जुना गळ मात्र त्याने चिंधीत गुंडाळून बॅगेत ठेवलाय, लागणार नाही हे माहीत असूनही.

काल बहिणीने तुपाचा डबा आणि खव्याचे पेढे भरले होते. बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ तिथे आणू देत नाहीत. दोन्ही काढायला लावले आणि त्या जागी मासळीचा मसाला दोन किलो बसवला. अब्बांनीच जाऊन दळून आणला.