सुई फुकट, न्याय विकत

हे बायकांचं काहीतरी आहे म्हणून पान उलटणाऱ्या दोस्तांनो, थांबा. ज्या बायांच्या विड्यांच्या पैशावर आपण मॅट्रिकपर्यंत शिकलो, त्यांच्या दंडात टोचलेल्या सुईबद्दल आज बोलायचंय.

सोलापुरात आमच्या गल्लीतल्या एका वहिनीने सरकारी दवाखान्यात पाळणा लांबवायची तीन महिन्यांची सुई घेतली. एकामागून एक चार. नवऱ्याला पत्ता नाही. एका खोलीच्या घरात गोळ्यांचं पाकीट लपवायला जागा नाही, म्हणून तिला सुई बरी वाटली. मग लाल जायला लागलं ते थांबेना. विड्यांचा हजार भरेना. दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘होतं असं.’ सुई बंद केली, वर्ष उलटलं तरी दिवस राहीनात. सासू म्हणाली, कूस आटली.

वहिनी वकिलाकडे गेली. त्याने दोन प्रश्न विचारले. सुईचं नाव काय? पैसे किती भरले? पहिल्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याला होतं : फुकट. ‘मग बाई, तुम्ही ग्राहक नाही,’ वकील म्हणाला.

वकील खोटं बोलत नव्हता. डॉक्टरला ग्राहक कायद्याखाली खेचता येतं, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ साली सांगितलं. पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तो दवाखाना त्यातून वगळला. केसपेपरचे किरकोळ पैसे भरले तरी ते मोल धरायचं नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे पैसेवाली बाई खाजगीत तीच सुई घेईल तर ती ग्राहक. आमची वहिनी कुणीच नाही. गावाला वेस असते, तशी कायद्यालाही आहे. आणि वेशीबाहेर कोण राहतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता सुईचं नाव ऐका. डेपो-प्रोव्हेरा. औषध मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, एका वेळी १५० मिलिग्रॅम. आपल्या देशात १९९३ साली तिला परवानगी मिळाली आणि २०१७ पासून ती ‘अंतरा’ नावाने सरकारी दवाखान्यात फुकट आली. पाळी बिघडते, सुई सोडल्यावर दिवस राहायला सरासरी दहा महिने लागतात, हाडं विरळ होतात. हाडांचा ठळक इशारा अमेरिकेने २००४ सालीच छापायला लावला. २०२४ साली फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं, की वर्षाहून जास्त काळ ही सुई घेणाऱ्यांमध्ये मेंदूच्या आवरणाच्या गाठीवर ऑपरेशन करावं लागण्याचा धोका साडेपाच पट होता. मूळ धोका लहान आहे, उगाच भुताटकी करू नका. पण लहान धोकाही ज्याच्या अंगावर येतो त्याला आधी सांगायचा असतो.

तिकडे अमेरिकेत हजारावर बायकांनी फायझर कंपनीला कोर्टात खेचलंय. २०२५ पासून ते खटले फ्लोरिडात एका न्यायाधीशापुढे एकत्र आणलेत. त्यांचं म्हणणं एकच : कंपनीला माहीत होतं, आम्हाला सांगितलं नाही.

आपल्याकडेही बाया लढल्यात. सोलापूरच्या पद्मशाली विणकरांचा मूळ मुलूख तेलंगण. तिथे हैदराबादजवळ पाटणचेरूला १९८५ साली नेट-एन नावाची अशीच दुसरी सुई बायांवर आजमावली जात होती. धड काही न सांगता. स्त्री शक्ती संघटना, सहेली वगैरे १९८६ साली सुप्रीम कोर्टात गेल्या. २००० साली प्रकरण मिटलं, सरकारने नेट-एन सरसकट वापरणार नाही असं कबूल केलं. मोठी गोष्ट. पण ती लढाई धोरणाची होती. एकेका बाईच्या नुकसानीचा हिशोब राहूनच गेला.

त्या हिशोबाची वाट त्याच २००० सालातल्या दुसऱ्या निकालात आहे. हरियाणातल्या एका मजूर बाईचं सरकारी दवाखान्यात नसबंदीचं ऑपरेशन झालं, तरी तिला मूल झालं. एकच नळी बांधली होती. ती दिवाणी कोर्टात गेली. सरकार म्हणालं, आमच्यावर जबाबदारी येत नाही. सुप्रीम कोर्टाने ते ऐकलं नाही, ५४ हजार रुपयांचा निकाल कायम केला. फुकट उपचार घेतला म्हणून हक्क मेला नाही. आणि तिच्या हातात काय होतं? ऑपरेशन झाल्याचा दवाखान्याचा दाखला. कागद.

मी गोदीत हमाली करतो. तिथे एक गोणीसुद्धा चिठ्ठीशिवाय गेटबाहेर पडत नाही. आणि बाईच्या अंगात औषध जातं, त्याची चिठ्ठी तिच्याकडे नाही! साहेबांच्या गोणीला जेवढी किंमत, तेवढी तरी आमच्या बाईला द्या.

म्हणून मोर्च्याच्या आधी हे काम करा. वस्तीतल्या बायांना सुईचं कार्ड मागायला सांगा. औषधाचं नाव, तारीख, बॅच नंबर त्यावर लिहून घ्या. त्रास झाला तर तो तारखेसकट वहीत उतरवा. १८००-१८०-३०२४ या सरकारी फुकट फोनवर नोंदवा. दवाखान्याचे कागद लेखी मागा, मागितल्यावर ७२ तासांत द्यायचा डॉक्टरांना नियम आहे. आणि जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाची पायरी चढा. १९८७ च्या कायद्याने कुठल्याही बाईला, आणि दलित-आदिवासी माणसाला, कमाई न विचारता फुकट वकील मिळतो. हे फुकट मात्र कुणी दारात आणून देत नाही.

कुणी म्हणेल, हे पोरं संततिनियमनाच्या विरोधात आहेत. खुळ्यांनो, १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानेच आणला होता. सुई बाईला हवी असेल तर ती तिने घ्यावी. नवऱ्याला न विचारता घ्यावी. पण तिला सगळं सांगून द्यावी.

वहिनीचा पेपर शोधायला या रविवारी आम्ही चौघं जाणार आहोत. तुमच्या गल्लीतली वहिनी कोण, ते तुम्ही शोधा.

जयभीम.